किती कामं केली ते सोडा, किती बंद केली ते सांगा

प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत एका कर सल्लागाराच्या ऑफिसात तीन वर्षं नोकरी करतो. सकाळी दहाला जातो, रात्री आठच्या आत सुटका नाही. पाणी प्यायला फुरसत मिळत नाही, तरी संध्याकाळी साहेबांनी ‘आज काय काय झालं?’ विचारलं की सांगायला एकही धड काम नसतं. पहाटे पाचला उठून पाहिलं, मोबाईलवर कामांच्या यादीचं ॲप घेतलं, पंचवीस मिनिटांचा गजर लावून काम करून पाहिलं. आठवडाभर बरं चालतं, मग ये रे माझ्या मागल्या. मी मुळातच हळू आहे का?

नाही, हळू नाही आहात. (वयानं तुम्ही माझ्या मुलाएवढे असणार, पण अनोळखी माणसाला अरे-तुरे माझ्याच्यानं होत नाही, म्हणून ‘तुम्ही’च म्हणते.)

किती वाजता जाता, किती वाजता येता, कोणकोणते उपाय केले, हे तुम्ही सगळं लिहिलंत. एक आकडा मात्र लिहिला नाहीत. सुरू केलेली पण अजून न संपलेली कामं या घडीला तुमच्याकडे किती आहेत? माझा अंदाज, तुम्हाला तो माहीत नाही. मलाही पुष्कळ वर्षं माहीत नव्हता. ज्या दिवशी बसून मोजला त्या दिवशी तो ८३ निघाला, आणि माझ्या कर सल्ल्याच्या ऑफिसात तेव्हा आम्ही तिघंच होतो.

खरं तर हे मोजायला मला पहिल्याच नोकरीत शिकवलं होतं, मीच विसरले. १९९५ साली बी.कॉम. झाले आणि मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजींच्या हाताखाली लागले. गोडाऊनमध्ये हळद निवडायला बायका पुष्कळ होत्या, गादीवर हिशेबाला बसणारी मी एकटी. दिवाणजींना सगळे अण्णा म्हणायचे. त्यांचा एकच नेम होता. संध्याकाळी गल्ला मोजायचा, कीर्दीतली (रोजच्या जमाखर्चाच्या वहीतली) श्री शिल्लक, म्हणजे हाती असायला हवी ती रोख, काढायची, आणि दोन्ही जुळले तरच खुंटीवरची टोपी डोक्यावर चढवायची. टोपी खुंटीवर आहे तोवर कुणी घरी जायचं नाही.

ऐन हंगामात एका संध्याकाळी गल्ल्यात कीर्दीपेक्षा ६३ रुपये कमी भरले. साडेआठ वाजलेले, मला माधवनगरची बस गाठायची होती. म्हटलं, “अण्णा, त्रेसष्ट रुपये तर आहेत, उद्या बघू की.”

“त्रेसष्टला नवानं भाग जातोय का बघ.”

“जातोय. सात.”

“मग कुठंतरी आकडे उलटे पडल्यात. शेजारशेजारचे दोन आकडे, फरक सातचा. ब्याण्णवचे एकोणतीस झाले असतील, एक्याऐंशीचे अठरा, नाहीतर सत्तरचे सात. तेवढंच हुडक.”

पाच मिनिटांत सापडलं. हमालीला दिलेले १,८९२ रुपये मी कीर्दीत १,८२९ लिहिले होते. (हिशेबाच्या धंद्यात असाल तर ही युक्ती ठाऊक असेलच: फरकाला नवानं भाग गेला तर आकडे उलटे झालेत का बघायचं, दोनानं गेला तर फरकाच्या निम्मी रक्कम जमेऐवजी नावे, म्हणजे उलट बाजूला, पडली आहे का बघायचं. संगणकावर टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर आलं तरी बँकेचा मेळ लावताना, म्हणजे आपल्या नोंदी बँकेच्या उताऱ्याशी जुळवताना, अजून कामी येते.) टोपी घालता घालता अण्णा म्हणाले, “उद्यावर टाकलं असतं तर ह्यात उद्याचा फरक मिसळला असता. मग नवानं भागून काय उपेग?”

तुमच्या आजाराचं नाव तेच आहे. कालचं अर्धवट काम आजच्या कामात मिसळतंय, आजचं उद्यात. कुठल्या कामाला किती वेळ गेला, कुठे अडलं, कुणामुळे अडलं, हे वेगळं करून बघण्याची सोयच राहत नाही. उरतो तो फक्त थकवा.

आता जरा गणित. अमेरिकेतले प्राध्यापक जॉन लिटल यांनी १९६१ साली रांगांबद्दलचा एक साधा नियम सिद्ध करून दाखवला. तुमच्या टेबलाला लावला तर तो असा होतो: उघड्या कामांची संख्या भागिले रोज बंद होणारी कामं, म्हणजे एक काम सरासरी किती दिवस लटकतं ते. समजा तुमच्याकडे ४० कामं उघडी आहेत आणि रोज ४ संपतात. प्रत्येक काम सरासरी १० दिवस टेबलावर राहणार. तुमचा हाताचा वेग तोच ठेवून, रोज ४ च संपवून, उघडी कामं १२ वर आणली, तर तेच काम ३ दिवसांत बाहेर पडतं. पहाटे पाचला उठायची गरज नाही.

यातली खरी गोम त्याच्या पुढे आहे. दहा दिवस लटकलेल्या कामाचा मालक गप्प बसत नाही. चौथ्या दिवशी फोन येतो, ‘मॅडम, आमचं झालं का?’ सहाव्या दिवशी पुन्हा. आठव्या दिवशी पार्टी (आपल्याकडे काम देणारा गिऱ्हाईक) स्वतःच येते, ‘इकडून चाललो होतो, म्हटलं डोकवावं’ म्हणत, आणि आल्या माणसाला चहा न विचारता पाठवण्याची पद्धत आपल्याकडे नाही. म्हणजे उघडी कामं वाढली की विचारणा वाढते, विचारणा वाढली की रोज चार संपणारी कामं तीनवर येतात, आणि उघडी आणखी वाढतात. फोनचा त्रास होतो म्हणून लोक फोन सायलेंटवर टाकतात. मी एकदा महिनाभर फोनांची नोंद ठेवली होती. निम्म्याहून जास्त फोन नव्या कामाचे नव्हतेच, जुनं कुठवर आलं हे विचारायचे होते.

मनाचंही तसंच. १९२७ साली बर्लिनमध्ये मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी प्रयोग करून म्हटलं की अर्धवट राहिलेली कामं पूर्ण झालेल्यांपेक्षा जास्त आठवतात. आठवणीचा तो भाग पुढच्या प्रयोगांत सगळीकडे तितका टिकला नाही. अर्धवट काम पुन्हा हाती घ्यावंसं वाटतं, ही ओढ मात्र टिकली. सोफी लरॉय या संशोधक बाईंनी २००९ साली दाखवलं की एका कामावरून दुसऱ्यावर उडी मारली की लक्षाचा काही भाग मागच्याच कामापाशी रेंगाळतो, विशेषतः मागचं संपलेलं नसेल तर. तुम्ही किराणा दुकानाची बिलं चढवत असता आणि डोक्याच्या मागच्या खोलीत कुपवाडच्या कारखान्याचा टीडीएस (पैसे देतानाच कापून भरायचा कर) चालू असतो. दोन्हीकडे चुका होतात, आणि चूक म्हणजे आणखी एक उघडं काम.

मग करायचं काय? मी जे करते ते सांगते, त्यातलं झेपेल ते घ्या.

पहिली गोष्ट, काम घेणं वेगळं आणि काम उघडणं वेगळं. पार्टीनं पिशवीभर बिलं आणून दिली की आपला हात लगेच पिशवीत जातो, चार बिलं लावतो, दोन नोंदी करतो, म्हणजे ‘सुरुवात झाली’ असं त्याला आणि स्वतःलाही सांगता येतं. हे बंद करा. पिशवी घ्या, वर तारीख लिहा, खणात ठेवा. टेबलावर एका वेळी पाचच कामं. सहावं उघडायचं असेल तर एक बंद झालं पाहिजे, नाहीतर रीतसर अडलेल्यांत गेलं पाहिजे. पाचच का, याला शास्त्र नाही. दहा ठेवून पाहिली, जमलं नाही. तीन ठेवली तर पार्टीची वाट बघत हात रिकामे राहतात.

‘रीतसर अडलेलं’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. काम अडतं त्यात आपला दोष नसतो. बँकेचा उतारा येत नाही, एखादं बिल फोटोत धूसर असतं, भागीदार पुण्याला गेलेला असतो. पण अडलेलं काम नुसतं बाजूला सरकवलं की ते दिवसातून तीनदा उघडलं जातं. दर वेळी ‘हे कुठपर्यंत आलं होतं बरं?’ यात दहा मिनिटं जातात, मग आठवतं की उतारा नाही, मग पुन्हा बाजूला. म्हणून फाईल बाजूला ठेवताना तिच्यावर चिठ्ठी. चिठ्ठीत चार गोष्टी: काय नाही, कुणाकडे मागायचं, कधी मागायचं, आणि आलं की कुठून पुढे चालायचं. परवाचीच एक चिठ्ठी समोर आहे: ‘मार्च बँक उतारा, पान ४ नाही. मुलाला फोन, गुरुवार साडेअकरा. आलं की १२ मार्चच्या नोंदीपासून पुढे.’ एवढं लिहायला मिनिट लागत नाही. ती फाईल आता गुरुवारी साडेअकरापर्यंत माझ्यासाठी अस्तित्वातच नाही. मॅसिकॅम्पो आणि बॉमाइस्टर या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली हेच प्रयोगात तपासलं होतं. अपुऱ्या कामाची नेमकी योजना केली की ते संपलेलं नसतानाही मनात टोचायचं थांबतं. ‘नंतर बघू’ ही योजना नव्हे. ‘गुरुवार साडेअकरा, मुलाला फोन’ ही योजना.

दुसरी गोष्ट शिकायला मला दंड भरावा लागला. २०१८ सालची गोष्ट. एका पार्टीचं जून महिन्याचं ३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र, मी १४ जुलैला तयार केलं. आकडे पक्के, रक्कम कळवलेली. राहिला होता फक्त पार्टीच्या मोबाईलवर येणारा ओटीपी. ‘आता काय, झालंच आहे’ म्हणून मी दुसरी फाईल उघडली. १७ तारखेला ते गृहस्थ दिंडीबरोबर पंढरपूरला चालत निघाले, फोन घरी ठेवून. २० तारीख, म्हणजे भरायची मुदत, गेली. २३ ला एकादशी झाली, पौर्णिमेचा काला करून ते २९ ला परतले, तुळशीची माळ आणि चुरमुऱ्याचा प्रसाद घेऊन थेट ऑफिसात. त्यांना कशाचा पत्ता नव्हता. नऊ दिवसांचं उशीर शुल्क, दिवसाला ५० प्रमाणे ४५० रुपये, वर कराच्या रकमेवर व्याज. मी ते माझ्या खिशातून भरलं. रक्कम मोठी नव्हती, पण नव्याण्णव टक्के झालेल्या कामाचे जीएसटीचं पोर्टल नव्याण्णव गुण देत नाही हे तेव्हा कळलं.

तेव्हापासून आमच्याकडे ‘झालं’ या शब्दाचा अर्थ ठरलेला आहे. पोच क्रमांक पार्टीच्या मोबाईलवर गेला आणि आमच्या फीचं बिल फाटलं, की झालं. त्याच्या अलीकडचं सगळं उघडंच. आणि काम उघडतानाच विचारते, ‘१८ ते २० फोन जवळ आहे ना? कुठं जाणार नाही ना?’ आषाढात तर हटकून. तुम्हीही तुमच्या प्रत्येक कामाचं शेवटचं टोक कुठलं ते ठरवा. आपली बहुतेक कामं मधल्या टप्प्यात मरत नाहीत, शेवटच्या पाच मिनिटांत मरतात: सही, ओटीपी, चलनाची प्रत, पाठवायचा राहिलेला मेल.

मोठ्या कामांचं काय, असं तुम्ही विचाराल. ऑडिट काही एका दिवसात बंद होत नाही. खरं आहे, म्हणून त्याचे तुकडे पाडायचे, पण प्रत्येक तुकड्याला टोक हवं. ‘आज ऑडिट बघतो’ म्हणालात की संध्याकाळी सांगायला काही नाही. ‘आज एप्रिल ते जूनचा बँक मेळ’ म्हणालात की तो जुळला किंवा नाही जुळला, दोनच उत्तरं.

तिसरी गोष्ट महिन्याची. उत्पादकतेवर बोलणारे लोक दिवसाचं वेळापत्रक सांगतात. आपल्या धंद्यात दिवसाला आकार नाही, महिन्याला आहे. ७ ला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र), १४ ला २बी (खरेदीवरच्या कराचा तक्ता) दिसायला लागतं, १५ ला पीएफ, २० ला ३बी. ८ ते ११ आणि १७ ते २० या दिवसांत कुठलंही नवं, लांब काम उघडणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. २१ पासून महिनाअखेरपर्यंतचे दिवस ऑडिट, नोटिसांची उत्तरं, जुनी येणी यांचे. आम्ही पार्ट्यांना सांगून टाकलं, बिलं ५ तारखेपर्यंत. पहिल्या महिन्यात कुणी मनावर घेतलं नाही. दुसऱ्या महिन्यात ज्यांनी वेळेत दिली त्यांचं काम ८ तारखेला संपवून पोच पाठवली, उशिरा देणाऱ्यांच्या पिशवीला १० पर्यंत हात लावला नाही. मार्केट यार्डात शेजारच्या दुकानदाराचं आधी झालं ही बातमी पसरायला एक चहा पुरतो. तिसऱ्या महिन्यापासून निम्मे लोक सुधारले. उरलेले निम्मे कधीच सुधारणार नाहीत, त्यांच्यासाठी ९ आणि १० राखून ठेवलेत.

व्हॉट्सॲपचं थोडक्यात सांगते. लोक बिलांचे फोटो एकेक करून दिवसभर पाठवतात, ‘टिंग’ वाजलं की बघायचं नाही. मी साडेअकराला आणि साडेचारला बघते, त्याच वेळी उलट फोन करते. कुणाचं दुकान त्यामुळे बंद पडलेलं नाही.

तुम्ही मालक नाही, नोकर आहात, त्यामुळे साहेबांशी बोलावं लागणार. ‘मला काम जास्त होतंय’ असं म्हणू नका. त्यावर प्रत्येक साहेबाकडे ‘आमच्या वेळी’चं पुराण तयार असतं, माझ्याकडेही आहे. उघड्या कामांची यादी कागदावर न्या. साहेब सहावं काम देतील तेव्हा कागद पुढे करा आणि विचारा, “हे आत्ता घेतो साहेब, यातलं कुठलं थांबवू?” माझ्याकडच्या एका मुलीनं पहिल्यांदा असं विचारलं तेव्हा मला राग आला होता. मग कागद वाचला आणि लक्षात आलं, पाचांपैकी तीन कामं ‘ताबडतोब’ म्हणून मीच दिली होती, तीन वेगवेगळ्या दिवशी.

आणि संध्याकाळी कीर्द. शेवटची पंधरा-वीस मिनिटं, काहीही झालं तरी. वहीत चार आकडे: कालची बाकी, आज आली, आज बंद झाली, आजची बाकी. ‘काल १४, आली ५, बंद ६, बाकी १३.’ त्याखाली बंद झालेल्यांची नावं. साहेबांच्या ‘आज काय काय झालं?’ला उत्तर म्हणून ही वही उघडून ठेवा. बाकी सलग चार दिवस चढत राहिली तर पाचव्या दिवशी एकही पिशवी उघडायची नाही, फक्त बंद करायची. हे सोपं वाटतं, पण रिकाम्या टेबलावर नवीन पिशवी न उघडता चार अडलेल्या चिठ्ठ्यांमागे फोन लावत बसणं फार जिवावर येतं. नव्या कामाची सुरुवात गोड असते, जुन्याचा शेवट कंटाळवाणा. मला अजूनही येतो कंटाळा.

तुमच्या बाकीच्या उपायांबद्दल. पहाटे उठायला माझी हरकत नाही, पण चाळीस उघड्या कामांत पहाटे पाचला एक्केचाळिसावं घालून काय मिळणार? ॲपचं म्हणाल तर यादी वाढवायला ते फार सोपं असतं, तीच त्याची खोट. पंचवीस मिनिटांचा गजर नोंदी चढवताना चांगला चालतो, बँकेच्या मेळाला अजिबात नाही. फरक सापडायच्या बेतात असतो आणि गजर वाजतो. उठलात की धागा गेला.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा माझं ऑफिस मारुती चौकाजवळ तळमजल्यावर होतं. पाणी ओसरल्यावर चिखलातून फायली काढल्या, त्यांचा लगदा झालेला. ज्यांची विवरणपत्रं भरून झाली होती त्यांचं विशेष बिघडलं नाही, सगळं पोर्टलवर होतं, टॅलीचा डेटा घरच्या संगणकावर. रडले ते टेबलावर उघड्या पडलेल्या फायलींसाठी. त्यातली मूळ बिलं पुन्हा गोळा करायला दिवाळी उजाडली, आणि कित्येक पार्ट्यांची स्वतःचीच दुकानं पाण्याखाली गेलेली, मागायला तोंड नव्हतं. ८३ चा आकडा मी मोजला तो त्यानंतर, पहिल्या मजल्यावर नवीन जागा घेतल्यावर.

तुमची पहिली मोजणी करायला दोन तास लागतील. खण, मेल, व्हॉट्सॲप, डोकं, सगळीकडचं एका कागदावर उतरवा. साठाच्या वर गेलात तर दचकू नका, निम्म्यांना फक्त चिठ्ठी हवी असेल आणि पाच-सात अशी निघतील की जी कुणालाच नको आहेत. येत्या २१ तारखेला बसा. २० ला नको, त्या दिवशी पोर्टलच हलत नाही.